ठिपका नसलेला डबा

"यातली लवकर वाळणारी कुठली?" माझ्या बायकोच्या नेलपॉलिशच्या दोन बाटल्या उजेडात धरून आण्णांनी विचारलं.

"लाल," वृषाली म्हणाली. "पण संपवू नका हं आण्णा. मागच्या वेळी अर्धी बाटली टायरांनाच लावलीत."

आण्णा म्हणजे माझे सासरे, विश्वनाथ कोष्टी. गाडी सर्व्हिसिंगला टाकायच्या दिवशी सकाळी त्यांचं हे व्रत असायचं. बोनेट उघडायचं, आत डोकं घालायचं आणि जे जे उचलून नेता येईल त्याला लाल ठिपका लावायचा. बॅटरीला एक, हॉर्नला एक, चारी टायरांना आतल्या बाजूनं एकेक. म्हणजे वर्कशॉपवाल्यांनी चांगली वस्तू काढून जुनी बसवली तर चोरी पकडता येते. मी शेजारी टॉर्च धरून उभा राहायचो, कारण साक्षीदार लागतो, आणि सांगलीत राहणारा जावई साक्षीदार म्हणून फुकट मिळतो.

"त्या काळ्या डब्याला पण लावू का हेमंतराव?" आण्णा आतून म्हणाले.

"तो ब्रेकचा बूस्टर आहे आण्णा. तो कोण काढणार?"

"कोण काढणार म्हणूनच काढतील," असं म्हणून त्यांनी त्या गोल काळ्या डब्याच्या कडेला ठळक ठिपका दिला, फुंकर मारून वाळवला आणि मला वाकून बघायला लावलं.

माणूस जन्मतःच असा नव्हता, नोकरीनं केला. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. वजनाच्या बुडातलं शिसं कोरणारे, तराजूच्या पारड्याखाली मेण लावणारे, मापाच्या तळाशी पत्रा ठोकणारे असले लोक पकडण्यात उमेदीची वर्षं गेली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आण्णा पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. माझं औषधांचं दुकान आहे. लग्न ठरायच्या आधी गिऱ्हाईक बनून आले होते आणि खोकल्याच्या बाटलीवरची तारीख वाचून गेले होते, हे मला लग्नानंतर कळलं. विश्वास बसायचा तो एकाच गोष्टीवर, शिक्क्यावर. गोल शिक्का असला की आण्णा निवायचे. चाळीस वर्षं स्वतःच वजनांवर ठसे मारले होते ना.

आणि त्या शिक्क्यानंच घराचे दोन तुकडे केले होते.

गोष्ट याच गाडीची. दीड वर्षापूर्वी माझा मेव्हणा निरंजन आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मार्लेश्वरला घेऊन निघाला होता. आंबा घाटात एका वळणावर गाडी थांबलीच नाही, कठड्यावर गेली. निरंजनला खरचटलं, पण आईचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात तो एकच वाक्य बोलत होता, "ब्रेक लागला नाही आण्णा. दगडावर पाय दिल्यासारखं झालं."

गाडी कंपनीच्या वर्कशॉपला दुरुस्तीला गेली. तिथून कागद आला, 'ब्रेक यंत्रणा निर्दोष'. खाली गोल शिक्का. आण्णांनी तो कागद निरंजनच्या पुढ्यात टाकला. "मोबाईल बघत होतास, कबूल कर. मी ओरडणार नाही. पण खोटं बोलू नकोस."

"मी खोटं बोलत नाहीये."

"मग हे काय आहे?"

निरंजननं बॅग भरली आणि चाकणला नोकरीच्या गावी गेला तो परत उंबऱ्याला शिवला नाही. दिवाळी नाही, गणपती नाही. आईला फोन करायचा, तोही आण्णा फिरायला गेल्यावर. आई म्हणायची, "नीरू म्हणतोय ना, मग नसेल लागला ब्रेक." घाट लागला की त्यांना मळमळायचं म्हणून त्या डोळे मिटून बसल्या होत्या, त्यामुळे आण्णांच्या लेखी त्यांची साक्ष बाद.

आता खुब्यातली पट्टी सरकली होती आणि पुन्हा ऑपरेशन करायचं होतं. डॉक्टरांनी सोमवार दिला होता. आईनं शांतपणे सांगून टाकलं, "नीरू आल्याबिगर मी टेबलावर चढायची नाही." आण्णा म्हणाले, त्यानं चूक कबूल करावी आणि यावं, दार उघडं आहे. निरंजन म्हणाला, न केलेली चूक कबूल करणार नाही. शुक्रवार उजाडला तरी कुणी जागचं हललं नव्हतं. दुखणं आईला आणि हट्ट या दोघांचे. मला दोघांचाही राग येत होता, आणि मी बोनेटपाशी टॉर्च धरून उभा होतो.

"सोमवारी मिरजेला न्यायचंय तिला," गाडी सुरू करताना आण्णा म्हणाले. "आली नाही तर उचलून नेईन. म्हणून गाडी तपासून घेतलेली बरी."

गाड्यांच्या सर्व्हिसिंगबद्दल माझं एक मत आहे, ते इथंच सांगतो. आमच्या दोन घरांत मिळून चार कंपन्यांच्या गाड्या झाल्या, त्यामुळे अधिकारानं सांगतो. एका कंपनीत बसायला गुबगुबीत कोच, कॉफीचं मशीन, आणि गाडी काचेच्या पलीकडे. दिसते पण तिच्याजवळ जाता येत नाही, अतिदक्षता विभागातल्या पेशंटसारखी. दुसऱ्या कंपनीत बसायला धड स्टूल नाही, पण मिस्त्री काढलेला फिल्टर आणून नाकापुढे झटकतो, "बघा किती घाण हाय." तिसरीकडे दर खेपेला नवा माणूस, आणि जुन्यानं काय सांगितलं ते नव्याला ठाऊक नसतं. माझ्या स्वतःच्या गाडीचे लोक तर इतके फोन करतात की सख्खा भाऊ करत नाही. गाडी कुठलीही घ्या, पाहुणचारावरून काही ठरवू नये. जिथं जास्त गोड बोलतात तिथं खिसा धरून बसावं.

आण्णांची गाडी त्या पहिल्या, कोचवाल्या कंपनीची.

दुपारी गाडी तयार झाल्याचा निरोप आला. आम्ही गेलो तेव्हा गाडी धुऊनपुसून चकचकीत उभी होती. काउंटरवर प्राजक्ता नावाची मुलगी होती, सर्व्हिसिंगचं सगळं तीच बघायची. तिनं बिल पुढं केलं. ऑइल, फिल्टर, धुलाई. आण्णांनी बिलाकडे बघितलंच नाही.

"बोनेट उघडा."

"सर, सगळं चेक झालंय."

"उघडा म्हणतोय ना."

बोनेट उघडलं. मी टॉर्चचा उजेड पाडत गेलो आणि आण्णा बोटानं ठिपके मोजत गेले. बॅटरीचा होता. हॉर्नचा होता. मग त्यांचं बोट थांबलं. गोल काळा डबा होता, पण त्यावर ठिपका नव्हता. आणि डबा असा काळाभोर की जसा आत्ताच खोक्यातून काढलाय. जुन्यावर दीड-दोन वर्षांची धूळ बसून राखाडी रंग आला होता, सकाळी मी स्वतः बघितला होता.

"हा आमचा नाही," आण्णा म्हणाले.

"सर, काहीच बदललेलं नाही. बिलात बघा ना, बूस्टर आहे का कुठं?" प्राजक्ता म्हणाली. पण म्हणताना तिची नजर बोनेटकडे नव्हती, पलीकडच्या काचेच्या केबिनकडे होती. मला तिथंच शंका आली. खरं बोलणारं माणूस वस्तूकडे बघून बोलतं.

आण्णांचा आवाज चढला. "असली काढून नकली बसवलात! ब्रेकचा भाग! माझ्या बायकोला यातनं दवाखान्यात न्यायचंय!" कोचवर बसलेले लोक मासिकं खाली करून बघायला लागले. प्राजक्ताचा चेहरा कावराबावरा झाला. तेवढ्यात केबिनमधून मॅनेजर शहापुरे आले, हातावर हात चोळत.

"काका, काका, बसा आधी. कॉफी सांगू? साखर चालते ना?"

"ठिपका कुठाय?"

"कसला ठिपका काका?"

"लाल ठिपका. सकाळी लावला होता. हे साक्षीदार आहेत."

शहापुऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. ते हसले. "धुताना गेला असेल काका. प्रेशरनं धुतो ना आपण. आणि डबा पण त्यामुळंच चकाकतोय. असं करू, तुमच्या गाडीला वरून पॉलिशचा कोट मारून देतो, पैसे नको. आणि उद्या कंपनीचा फोन येईल, कसं वाटलं म्हणून. तेवढं दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमच्या पोरांचा पगार कापतात."

बॅटरीचा ठिपका धुतला गेला नाही, हॉर्नचा गेला नाही, एवढा एकच गेला! आणि वर फुकट पॉलिश! कुठंतरी पाणी मुरत होतं. पण आण्णा म्हणत होते ते मला काही केल्या पटेना. मी बाहेर आलो आणि माझ्या गाडीच्या वर्कशॉपमधल्या माणगावेला फोन लावला. तो माझ्या दुकानाचं गिऱ्हाईक, आणि आधी याच कोचवाल्या कंपनीत काही वर्षं काढलेला.

मी ठिपक्याचं आणि नव्या डब्याचं सांगितलं. तो हसला.

"काय ओ हेमंतभाऊ, चोर कधी जुनी वस्तू नेऊन नवी ठेवून जातो का?"

"तेच मी म्हणतोय. मग काय असेल?"

"तुमच्या गाडीचं सीटबेल्टचं बक्कल आम्ही बदललं, आठवतंय? तुम्हाला चार फोन केले, ड्रायव्हर पाठवून गाडी नेली, एक रुपया घेतला न्हाई. का? कारखान्यातच तो भाग कच्चा निघाला होता. असं सगळ्याच कंपन्यांचं कधी ना कधी होतं. कोण फोन करून बोलावतं, कोण पत्र धाडतं. आणि एखादी कंपनी खाली सांगते, गाडी सर्व्हिसिंगला आली की गुपचूप बदलून टाका, गिऱ्हाइकाला घाबरवू नका. मी तिथं होतो तवापण हेच चालायचं."

"म्हणजे आमचा जुना डबा खराब होता?"

"तुमचाच होता का ते मी कसं सांगू? पण त्या गाडीचे डबे कच्चे निघालेत असं कानावर आलंय."

"तो डबा खराब असला तर काय होतं रे?"

"एरवी काय न्हाई. पण कधीतरी ऐनवेळी दगा देतो. ब्रेकचं पेडल असं घट्ट होतं की दगडावर पाय ठेवल्यागत. अख्खा माणूस त्यावर उभा राहिला तरी गाडी लवकर थांबत न्हाई. आन परत थोड्या वेळानं सगळं नीट. तपासायला गेलं तर काय सापडत न्हाई."

मी फोन बंद केला. दगडावर पाय. निरंजन दवाखान्यात हेच बडबडत होता आणि आम्ही सगळे तिथं उभे होतो.

आत गेलो. आण्णा टेबलावर मूठ आपटत होते. मी त्यांचा दंड धरून त्यांना कोपऱ्यात नेलं आणि माणगावे जे बोलला ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर विचारलं, "दगडावर पाय, असं म्हणाला? तुम्ही आधी काही सांगितलं नव्हतं त्याला?"

"नाही आण्णा. तोच म्हणाला."

ते कोचवर टेकले. इतका वेळ ओरडणारा माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला. मग उठले आणि शहापुऱ्यांच्या केबिनमध्ये गेले. आवाज अगदी खाली आला होता, आणि मला तोच जास्त भीतीदायक वाटला.

"साहेब, चोरी झाली असं मी आता म्हणत नाही. फक्त सांगा, डबा बदललात?"

शहापुऱ्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "काका, तुमच्या भल्यासाठीच आहे ते."

"कधीपासून माहीत होतं?"

"वरून येतं ते. आम्ही काय, सांगितलेलं करतो."

"दीड वर्षापूर्वी तुमच्याच वर्कशॉपनं मला शिक्का मारून लिहून दिलं होतं, ब्रेक निर्दोष म्हणून."

"तेव्हा काही दिसलं नसेल काका."

"बरं. मग आता लिहून द्या, डबा सदोष होता म्हणून बदलला."

"लेखी नाही देता येत."

"मग जुना डबा द्या. वस्तू माझी आहे."

"तो कंपनीला परत पाठवावा लागतो काका. नियम आहे."

"लेखी द्या, नाहीतर डबा द्या," आण्णा म्हणाले आणि समोरच्या खुर्चीवर बसले. "मी चाळीस वर्षं लोकांच्या दुकानात असाच बसत होतो. मला बसायची सवय आहे."

बसले. कॉफी आली, गार झाली. गिऱ्हाइकं केबिनच्या काचेतून आत बघून जायला लागली. शहापुरे दोनदा बाहेर जाऊन फोनवर बोलून आले. अखेरीस त्यांना कळलं असावं की कागद देण्यापेक्षा पत्रा देणं परवडलं. प्राजक्तानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा आणून टेबलावर ठेवला. आण्णांनी कागद उलगडला. राखाडी धुळीवर लाल ठिपका होता.

निघताना शहापुरे गाडीपर्यंत आले. "काका, ते दहापैकी दहाचं तेवढं..." त्यांची जीभ तरी कशी रेटली कोण जाणे.

"येऊ द्या फोन," आण्णा म्हणाले.

गाडीत बसताबसता ते म्हणाले, "उद्या पहाटे चाकणला जायचं. तुमची गाडी काढा."

"आधी फोन तरी करा त्याला."

"फोनवर काय दाखवणार? समोर ठेवतो. बघू दे त्याला, बाप खरं-खोटं तपासून आलाय."

ते खुशीत होते. खरंच सांगतो, दीड वर्षात त्यांना इतकं हलकं मी पाहिलं नव्हतं. शनिवारी वाटेत कराडच्या पुढं चहाला थांबलो तर मलाच म्हणाले, "बघितलंत ना, ठिपका लावला नसता तर कळलं असतं का? तुम्ही हसत होता." मी म्हटलं, नसतं कळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण माझ्या ओठांवर आली होती. पण सासऱ्याला असलं काही ऐकवायचं नसतं. डबा त्यांनी मांडीवर घेतला होता. मागच्या सीटवर ठेवा म्हटलं तर ऐकेनात.

चाकणला निरंजननं दार उघडलं. बनियनवर होता, दाढी वाढलेली. आधी मला बघितलं, मग माझ्यामागं आण्णांना, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आईला काय झालं?"

"काही नाही, काही नाही," मी घाईनं म्हटलं. "आई बरी आहे."

आण्णा पुढं झाले. तिथंच, दारातच, त्यांनी वर्तमानपत्र सोडलं आणि डबा त्याच्या हातात दिला. "ब्रेकचा बूस्टर. कारखान्यातनंच कच्चा आलेला. पेडल दगडासारखं होतं यानं. काल पकडला मी. ते चोरून बदलत होते, पण माझी खूण होती त्यावर." एका दमात बोलले ते. मग घसा खाकरला. "तुझी चूक नव्हती, नीरू. सिद्ध झालं."

निरंजननं डबा फिरवून बघितला. आनंद होईल, रडेल, निदान शिव्या घालेल असं मला वाटलं होतं. त्यानं लाल ठिपक्यावरून अंगठा फिरवला.

"आण्णा, एक विचारू?"

"विचार की."

"हा डबा सापडला नसता तर आला असता?"

मी मनात म्हटलं, आण्णा, हो म्हणा. आयुष्यात एकदा माप मारा, गुंजभर खोटं बोला, हो म्हणून टाका. पण तो माणूस वजनमापे खात्यातला. त्यांनी प्रश्न तोलला, अगदी डोळ्यांसमोर तोलला, आणि चेहऱ्यावरची सगळी खुशी ओघळून गेली.

"नसतो आलो," ते म्हणाले.

निरंजननं मान हलवली. त्याला हेच उत्तर येणार हे माहीत होतं. त्यानं डबा पुन्हा कागदात नीट गुंडाळला, लहान मुलाच्या हातात खाऊ द्यावा तसा आण्णांच्या दोन्ही हातांत ठेवला.

"हे आईला दाखवू नका," तो म्हणाला. "हाड तिचं मोडलं. पण तिनं मला कधी काही सिद्ध करायला लावलं नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सोमवारी किती वाजता न्यायचंय तिला? थांबा, बॅग भरतो," आणि आत गेला. मी चपला काढून त्याच्या मागोमाग गेलो. आण्णा डबा हातात घेऊन दाराबाहेरच उभे राहिले. त्यांना आत या असं कुणी म्हटलं नव्हतं.